प्लेगची साथ आणि पुण्याचा उंबरठा

इ. स. १८९७ साली पुणे शहरी प्लेगने हाहाकार उडविला. सरकारने नेमिलेल्या प्लेग कमिटीचे प्रमुख रँडसाहेब होते. त्यांच्या हुकुमाने गोरे सोजीर घरोघर शिरून रोगी हुडकू लागले. रोग्यास निराळे ठेवणे शास्त्रास धरूनच होते. परंतु देवघर-माजघराची मर्यादा न राहिल्यामुळे लोक धास्तावून रोगी लपवू लागले. २२ जूनच्या रात्री रँडवर गोळी झाडली गेली.

याच साथीत डॉक्टर यशवंतराव फुले यांनी शहराबाहेर रोग्यांकरिता दवाखाना घातला होता. त्यांच्या मातुःश्री सावित्रीबाई स्वतः रोगी उचलून आणीत. त्या सेवेतच प्लेग जडून १० मार्च रोजी त्यांनी देह ठेविला. त्यांच्यापासून कोणी रोगी लपविला असेल, असे आम्हांस वाटत नाही.

पुढे पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी वढू भागात खेड्यांतल्याच स्त्रियांस आरोग्यसेविका केले; १९९३ साली त्यांस मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

रोगनिवारण नुसत्या हुकुमाने होत नाही. आधी विश्वास मिळवावा लागतो. लस टोचावयास येणाऱ्या भगिनीस दार उघडताना वाचकांनी सावित्रीबाईंचे स्मरण ठेवावे, इतकीच आमची विनंती.