हरणाची चाहूल खिशात कशी आली? ट्रेल कॅमेऱ्याच्या सव्वाशे वर्षांचा इतिहास #इतिहास #धागा

१/
ऑक्टोबरची पहाट. अमेरिकेतील एखाद्या गावात एक शिकारी न्याहारी करीत बसला आहे. खिशातील फोन थरथरतो. कित्येक मैलांवरच्या रानात, ओकच्या खोडाला बांधलेल्या तळहाताएवढ्या पेटीने नुकतेच एक छायाचित्र पाठविले आहे : पांढऱ्या शेपटीच्या हरणाचा भरदार शिंगांचा नर. कोपऱ्यात तारीख, वेळ आणि तापमान. हरीण अद्याप त्याच वाटेवर उभे असेल. ही पेटी म्हणजे सेल्युलर ट्रेल कॅमेरा.

२/
आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हौसेच्या शिकारीचे पर्व संपले. त्यामुळे ‘कॅमेरा ट्रॅप’ म्हटले की आपल्याला व्याघ्रगणना आठवते. अमेरिकेत मात्र हंगाम, परवाना आणि ठरावीक संख्येच्या चौकटीत शिकार आजही चालते, आणि ट्रेल कॅमेरे प्रामुख्याने शिकारीच विकत घेतात. गंमत अशी की, या यंत्राचा पूर्वज ज्या माणसाने घडविला, त्याने तो बंदुकीला पर्याय म्हणून घडविला होता. मग पर्यायाचा मदतनीस कसा झाला? या धाग्यात तेच पाहू.

३/
त्या माणसाचे नाव जॉर्ज शिरास तिसरा. जन्म १८५९, पेनसिल्व्हेनिया. व्यवसायाने वकील; वडील अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश. मिशिगन राज्यात मार्क्वेट शहराजवळच्या व्हाइटफिश तळ्यावर तो लहानपणापासून शिकारीला जाई. तेथील ओजिब्वे लोकांची रात्रीच्या शिकारीची एक रीत होती. होडीच्या नाळेवर विस्तव पेटवायचा आणि पाण्यावरून निःशब्द सरकत जायचे. काठावरचे हरीण उजेडाकडे टक लावून पाहत राहते, अंधारात त्याचे डोळे चमकतात आणि शिकारी नेम धरतो.

४/
शिरासने हीच रीत घेतली. फक्त बंदुकीच्या जागी कॅमेरा ठेवला आणि उजेडासाठी मॅग्नेशियमची भुकटी भडकवली. पुढे १८९० च्या दशकात त्याने आणखी एक पाऊल टाकले. जनावरांच्या वाटेवर तार आडवी बांधली. तारेला धक्का बसला की झोत पेटे, झडप उघडे आणि छायाचित्रकार तेथे नसतानाही प्राणी स्वतःच स्वतःचे चित्र काढून जाई. आजच्या प्रत्येक ट्रेल कॅमेऱ्याची वंशावळ या तारेपाशी येऊन थांबते.

५/
जुलै १९०६ च्या ‘नॅशनल जिओग्राफिक’मध्ये शिरासची ७४ छायाचित्रे एकाच वेळी प्रसिद्ध झाली. भूगोलाच्या गंभीर नियतकालिकाचे चित्रांचे पुस्तक केले, असे म्हणत संस्थेच्या मंडळातील दोन सदस्यांनी राजीनामे दिले. वाचकांना मात्र ती चित्रे अतिशय आवडली.
शिरास तेवढ्यावर थांबला नाही. प्रतिनिधिगृहाचा सदस्य असताना १९०४ मध्ये त्याने स्थलांतरित पक्ष्यांना केंद्रीय संरक्षण देणारे विधेयक मांडले. ते त्या वेळी संमत झाले नाही. पण त्याच विचारातून पुढे १९१३ आणि १९१८ चे कायदे आले.

६/
हीच तार भारतातही पोहोचली. संयुक्त प्रांतातील वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांना बंदुकीने वाघ मारण्यात रस नव्हता. शिवालिकच्या जंगलात, वाघ ज्या वाटांवरून रात्री फिरत त्या वाटांवर त्यांनी तारा बांधल्या. एका रात्रीत एकच संधी. झोत एकदा उडाला की संपले. १९२५ मध्ये त्यांची व्याघ्रचित्रे ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’मध्ये झळकली आणि १९२७ मध्ये ‘विथ अ कॅमेरा इन टायगर-लँड’ हे पुस्तक आले. चित्रे शेजारी ठेवून पाहताना त्यांच्या लक्षात आले की प्रत्येक वाघाचे पट्टे निराळे असतात, आणि पट्ट्यांवरून वाघ ओळखता येतो.

७/
या निरीक्षणाचे विज्ञान व्हायला सुमारे सात दशके लागली. १९९० च्या दशकात नागरहोळेत डॉ. उल्हास कारंथ यांनी कॅमेरा ट्रॅपला संख्याशास्त्राची जोड दिली. तत्त्व सोपे आहे. पहिल्या फेरीत टिपलेल्या वाघांपैकी किती वाघ पुढच्या फेऱ्यांत पुन्हा दिसतात, यावरून न दिसलेल्यांचाही अंदाज बांधता येतो. सरिस्कातील वाघ नाहीसे झाल्याचे उघडकीस आल्यावर पाऊलठशांची जुनी पद्धत मागे पडली आणि देशभर कॅमेरे लागले. २०१८ च्या गणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावून सुमारे ३ कोटी ४८ लाख छायाचित्रे मिळाली. त्यांपैकी ७६,६५१ वाघांची होती.

८/
आता पुन्हा अमेरिकेकडे वळू. कारण तेथे हीच वाट दुसरीकडे फुटली.
१९८० च्या दशकात हरणाच्या शिकाऱ्यांकडे एक साधे साधन होते : वाटेवर ताणलेला दोरा आणि त्याला जोडलेले घड्याळ. दोरा ओढला गेला की घड्याळ थांबे. कोण गेले ते कळत नसे, केव्हा गेले ते कळे. त्यानंतर ३५ मिलिमीटर फिल्मचे कॅमेरे आले. एका रोलमध्ये ३६ चित्रे. रानात जाऊन रोल काढायचा, दुकानात धुवायला द्यायचा आणि वाट पाहायची. त्यांतली निम्मी चित्रे वाऱ्याने हललेल्या गवताची निघाली, तरी तक्रार कुणाकडे करणार?

९/
दोन हजारच्या दशकात डिजिटल कॅमेरे आले. रोल गेला, मेमरी कार्ड आले. पण कार्ड आणायला चालत जावेच लागे. त्यानंतरच्या दशकात पेटीत सिमकार्ड बसले आणि ती पायपीटही संपली.
इतिहासाच्या विद्यार्थ्याच्या नजरेने पाहिले, तर खरा बदल या टप्प्यावर झाला. तोवर ट्रेल कॅमेरा बखरकार होता. घडून गेलेले सांगत असे. सिमकार्ड आल्यावर तो जासूद झाला. घडते आहे ते, घडत असतानाच, धन्याच्या कानावर घालू लागला.

१०/
आज असा कॅमेरा निवडताना आणि सांभाळताना ज्या गोष्टी पाहतात, त्यांतल्या बहुतेक अडचणी शिरासच्याच आहेत.
पहिली अडचण मात्र नवी : नेटवर्क. कॅमेरा कितीही उत्तम असो, त्या दरीत ज्या कंपनीची रेंज आहे तिचेच सिम चालते. म्हणून अनेक नवे कॅमेरे दोन कंपन्यांपैकी बलवान सिग्नल स्वतःच निवडतात. रेंज अशक्त असेल तर चित्र पाठविण्यातच बॅटरी खर्ची पडते. शिवाय दरमहा शुल्क असते, आणि ते बहुधा चित्रांच्या संख्येवर ठरते. २०२२ मध्ये अमेरिकेतील मोठ्या कंपन्यांनी थ्रीजी सेवा बंद केली, तेव्हा त्या सेवेवर चालणारे धडधाकट कॅमेरे एकाएकी मुके झाले.

११/
दुसरी अडचण उजेडाची. शिरासचा झोत साऱ्या रानाला जागे करी. आजचे कॅमेरे अवरक्त दिवे वापरतात. ८५० नॅनोमीटरचे दिवे लांबवर पोहोचतात, पण लालसर ठिणगीसारखे दिसतात. ९४० नॅनोमीटरचे जवळपास अदृश्य असतात, पण त्यांचा पल्ला कमी.
तिसरी अडचण चापाची. तारेची जागा आता उष्णतेतील बदल ओळखणाऱ्या संवेदकाने घेतली आहे. भर उन्हाळ्यात भोवतालचे तापमान जनावराच्या अंगाइतके झाले की तो चुकतो. उन्हाने तापलेली फांदी हलली की फसतो. म्हणून अमेरिकेत कॅमेऱ्याचे तोंड उत्तरेकडे ठेवतात, म्हणजे सूर्य भिंगात येत नाही. समोरचे गवत कापतात आणि पेटी साधारण कमरेच्या उंचीवर बांधतात.

१२/
चौथी अडचण निगेची. साध्या अल्कलाइन बॅटऱ्या कडाक्याच्या थंडीत मान टाकतात; लिथियमच्या महाग, पण टिकतात. सौर पट्टी लावली तरी दाट सावलीत तिचा उपयोग नाही. मेमरी कार्ड त्याच कॅमेऱ्यात घालून कोरे करावे लागते. झाकणाच्या रबरी कडेला कचरा अडकला की ओल आत शिरते. उबेला मुंग्या घर करतात. अस्वले कुतूहलाने पेटी चावतात, म्हणून लोखंडी कवच. आणि माणसे ती उचलून नेतात, म्हणून कुलूप.
थोडक्यात, घरबसल्या रान दाखविणारे यंत्रही अधूनमधून माणसाला रानात नेतेच.

१३/
आता वादाकडे. १८८७ मध्ये थिओडोर रूझवेल्ट यांच्या पुढाकाराने ‘बून अँड क्रॉकेट क्लब’ स्थापन झाला. या क्लबने एक तत्त्व रुजवले : शिकार न्याय्य पाठलागाची हवी. जनावराला निसटण्याची खरी संधी हवी. शिकाऱ्याला गैरवाजवी फायदा नको. या क्लबच्या विक्रमनोंदींना शिकाऱ्यांमध्ये मोठा मान आहे. जनावराचा ठावठिकाणा तत्क्षणी कळविणाऱ्या साधनाच्या आधारे केलेली शिकार क्लब त्या नोंदींत घेत नाही. नियम सांगतो ते एवढेच की कॅमेरा चालेल, ताजी खबर चालणार नाही.

१४/
कायद्यांनीही हीच रेघ ओढायचा प्रयत्न केला. नेवाडाने सार्वजनिक जमिनीवर हंगामाच्या महिन्यांत ट्रेल कॅमेऱ्यांना मनाई केली, आणि चित्र प्रसारित करणाऱ्या कॅमेऱ्यांसाठी मनाईचा काळ अधिक लांब ठेवला. युटाने २०२२ मध्ये जुलैअखेर ते डिसेंबरअखेर बंदी घातली. ॲरिझोना सर्वांत पुढे गेले : १ जानेवारी २०२२ पासून शिकारीच्या कामी ट्रेल कॅमेरा वापरणेच बंद. कारण कोरड्या प्रदेशात आहे. वाळवंटात पाणवठे मोजके. एकेका पाणवठ्याभोवती अनेक शिकाऱ्यांचे कॅमेरे. जनावर तहान टाळू शकत नाही, म्हणजे नजरही टाळू शकत नाही.

१५/
दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. सेल्युलर कॅमेऱ्यामुळे रानात जाणे-येणे कमी होते, जनावरे कमी बुजतात. वय ओळखून कोवळे नर सोडून देता येतात. आपल्या मालकीच्या रानात कोण घुसले, तेही कळते. आणि हे शिकारी वन्यजीवांचे केवळ मारेकरी नाहीत. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार बंदुका व काडतुसांवरील कर वन्यजीवांच्या संवर्धनाला जातो.
हे सारे मान्य केले तरी प्रश्न उरतोच. यांतल्या कोणत्याही कामाला, परकी पावले ओळखण्याचा अपवाद सोडला, तर चित्र त्याच मिनिटाला मिळण्याची गरज नाही. संध्याकाळी मिळाले, आठवड्याने मिळाले, तरी चालते.

१६/
मग ताजी खबर वाईटच का? तसे नाही. कान्हा-पेंचच्या पट्ट्यात असे कॅमेरे लागले, ज्यांतील चित्रे काही क्षणांत वनखात्यापर्यंत पोहोचतात. शिकारचोर दिसला तर त्याला गाठण्यासाठी, वाघ वस्तीकडे निघाला तर गावाला सावध करण्यासाठी. ताडोबालगतच्या सीतारामपेठ गावातही कॅमेऱ्यांची अशी पहारेकरी रांग उभी राहिली. पहाटे सरपणाला निघालेल्या बाईसाठी एका मिनिटाचा उशीर म्हणजे जीव. तेथे जासूदच हवा, बखरकार उपयोगाचा नाही.

१७/
म्हणून या इतिहासातून मला दिसते ते असे : भिंग, झोत, बॅटरी हे सारे दुय्यम. निर्णायक गोष्ट म्हणजे घटना आणि तिची बातमी यांतील अंतर. शिरासच्या काळी ते अंतर आपोआप होते. काच धुवायलाच वेळ लागे. त्या सक्तीच्या उशिराने हरणाला निघून जाण्याची सवड मिळे, आणि कुणाला त्याचा विचारही करावा लागत नसे. यंत्राने उशीर संपवला, तेव्हा तो पुन्हा आणायला कायदा लागला.

१८/
यापुढे ताडोब्यात, मेळघाटात किंवा बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात झाडाला बांधलेली ती हिरवट पेटी दिसली, तर एवढेच विचारा : हे चित्र कुणाकडे जाते, आणि किती वेळाने?
आणि एक विनंती. घरात पणजोबांच्या काळातील शिकारीची छायाचित्रे, परवाने, रोजनिश्या असतील, तर लाज वाटून फेकून देऊ नका. कोणत्या रानात कोणते जनावर होते, याचा तो पुरावा आहे. तारीख आणि ठिकाण मागे पेन्सिलीने लिहून ठेवा.

धागा समाप्त. चूक आढळल्यास अवश्य दाखवावी. दुरुस्ती याच धाग्यात जोडीन.