ओटीवरच्या तसबिरी

वाईच्या आमच्या जुन्या घरात ओटीच्या भिंतीला उंचावर एक लाकडी पट्टी ठोकलेली होती. तिच्यावर तसबिरी रांगेनं टेकवलेल्या, वरच्या बाजूनं जरा पुढे झुकलेल्या. मधोमध रामपंचायतन, त्याच्या एका हाताला नाना फडणवीस, दुसऱ्या हाताला घोड्यावरचे शिवाजीमहाराज, मग लोकमान्य, आणि अगदी कडेला पणजोबांचा फोटो. उन्हाळ्याच्या सुटीत थोरली आत्या आम्हां मुलांना दुपारी तिथे निजवायची, आणि गोष्टी या रांगेच्या क्रमानं यायच्या. शाळेच्या पुस्तकात पेशवाई कितव्या पानावर होती ते मला आठवत नाही. आत्याच्या गोष्टीत ती रामाच्या शेजारी होती, ते पक्कं आठवतं.

नाना तिला परके नव्हतेच. वाईहून कृष्णेच्या काठानं चालत गेलं की मेणवली. तिथे त्यांचा वाडा, नदीवरचा घाट आणि वसईच्या स्वारीनंतर आलेली पोर्तुगीजांची मोठी घंटा. आत्या लहानपणी त्या घाटावर धुणं धुवायला आणि पोहायला जायची. त्यामुळे नानांविषयी ती एखाद्या करड्या, हिशेबी थोरल्या दिरासारखं बोलायची. "नाकाकडे बघ," म्हणायची. "असं नाक असलेला माणूस रात्री दिवा मालवून झोपत नाही."

ते चित्र पणजोबांनी पुण्याहून आणलेलं. सदाशिव पेठेतल्या चित्रशाळेत घेतलेला कागद त्यांनी सुरळी करून उपरण्यात गुंडाळला, वाठार स्टेशनावर उतरले आणि तिथून टांग्यानं वाईला येईपर्यंत ती सुरळी मांडीवर आडवी धरून बसले. ही हकिगत घरात इतक्या वेळा सांगितली गेली की आम्हांला टांग्यातल्या पणजोबांचं चित्रही नानांच्या चित्राइतकंच स्पष्ट दिसायचं.

चित्रशाळा निघाली १८७८ साली. काढणाऱ्यांत विष्णुशास्त्री चिपळूणकर होते, हे आज पुष्कळांना ठाऊक नसतं. शास्त्रीबोवा म्हटलं की १८७४ पासूनची निबंधमाला, १८८० ची न्यू इंग्लिश स्कूल आणि त्याच्या पुढच्या वर्षीचा केसरी आठवतो. १८८२ मध्ये ते गेले तेव्हा बत्तिशीही पुरी झाली नव्हती. एवढ्या अपुऱ्या आयुष्यात या माणसाला चित्रांचा छापखाना का काढावासा वाटला असेल, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. पेशवाई बुडाली १८१८ मध्ये. चित्रशाळा निघेपर्यंत साठ वर्षं उलटली होती. शनिवारवाड्यावर जरीपटका फडकताना प्रत्यक्ष पाहिलेली म्हातारी माणसं एकेक करून संपत आली होती. लिहिलेलं वाचू शकणारे थोडे होते. पाहिलेलं सांगू शकणारेही आता उरणार नव्हते. अशा वेळी नानांचा चेहरा थोड्या पैशांत सामान्य घराच्या भिंतीवर पोचवणं हे निबंध लिहिण्याइतकंच निकडीचं काम होतं, असं मला मनापासून वाटतं.

पण मुळात नानांचा चेहरा उरला कुठून? ती गोष्ट आत्याच्या माहितीत नव्हती. मला ती फार पुढे वाचनात सापडली. जेम्स वेल्स नावाचा एक स्कॉटिश चित्रकार १७९१ मध्ये मुंबईत उतरला आणि पुढच्या वर्षी इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट याच्या ओळखीनं पुण्याच्या दरबारात शिरला. त्यानं सवाई माधवराव आणि नाना यांचं एकत्र तैलचित्र रंगवलं. ते आज लंडनला रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे. त्याच काळात शनिवारवाड्यात चित्रं शिकवण्याची एक शाळाही भरत असे. तिथला गंगाराम तांबट हा वेल्सच्या हाताखाली तयार झाला. वेरूळची लेणी त्यानं अतिशय बारकाईनं कागदावर उतरवली आहेत. १७९५ मध्ये सवाई माधवराव गेले आणि त्याच वर्षी वेल्सही गेला. त्याच्या रेखाटनांवरून टॉमस डॅनियलनं पेशव्यांच्या दरबाराचं भव्य चित्र १८०५ मध्ये पुरं केलं, तोवर नानाही हयात नव्हते.

वेल्सच्या चित्रातले नाना पाहिले आणि मी चमकून गेलो. तोच उभट चेहरा, तेच लांब नाक, तीच मिटलेली जिवणी. आमच्या ओटीवरचा कागद कितीही स्वस्त असला, तरी त्याच्या मुळाशी नानांच्या समोर बसून त्यांना निरखणारा एक माणूस होता. आत्याला हे सांगायला ती राहिली नव्हती. तिला नवल वाटलं नसतं. नाक खरं आहे, याबद्दल तिला शंका कधी नव्हतीच.

आमच्यात अण्णा आजोबा म्हणून होते, आजोबांचे चुलतभाऊ. त्यांनी तरुणपणी पुण्यात एका शिळाछापखान्यात उमेदवारी केलेली. घराण्यात भटपण, वकिली आणि मास्तरकी सोडून कारागिरीत पडलेले ते एकटेच, आणि बहुधा म्हणूनच जेवताना त्यांचं ऐकायला आम्ही जास्त उत्सुक असायचो. ते सांगायचे की चित्र छापतात ते दगडावरून. हा चुनखडीचा दगड जर्मनीतल्या बव्हेरियाहून यायचा. इतका सारखा आणि बारीक पोताचा की दुसरा कुठला त्याच्या तोडीचा ठरत नसे. त्याच्यावर तेलकट शाईनं चित्र काढायचं, तेही उलटं. मग दगड पाण्यानं ओला करायचा. जिथे शाईचा तेलकटपणा तिथे पाणी ठरत नाही, आणि जिथे पाणी तिथे रंग धरत नाही. सगळा छापखाना तेल आणि पाण्याच्या या वैरावर चालतो. प्रत्येक रंगाला वेगळा दगड. पगडीच्या तांबड्याला एक, अंगरख्याच्या सावलीला एक, कातडीच्या रंगाला निदान दोनतीन. एकच कागद इतक्या वेळा यंत्राखालून जायचा आणि दरवेळी कोपऱ्यातल्या खुणेवर खूण बसावी लागायची. पावसाळ्यात कागद हवेतलं पाणी पिऊन फुगतो. मग खूण हलते आणि ओठांचा रंग हनुवटीवर उतरतो. पावसाळ्यात छापलेले देव आपल्याला लांबून ओळखू येतात, असं अण्णा म्हणायचे.

त्यांनी सांगितलेली आणखी एक गोष्ट माझ्या मनातून कधी गेली नाही. दगड महाग, म्हणून चित्राचे छाप पुरे झाले की तो वाळू आणि पाणी घालून दुसऱ्या दगडाखाली घासायचा. चित्र निघून जातं आणि पृष्ठभाग पुन्हा कोरा होतो. नव्या पोरांना पहिलं काम हेच मिळे. अण्णांनी स्वतःच्या हातांनी राम घासला होता, राजे घासले होते, आणि त्याच दगडावर मग एखाद्या काढ्याच्या बाटलीचं लेबल चढलेलं पाहिलं होतं. "दगडाला आठवण नसते, छापाला असते," असं ते म्हणायचे, आणि जेवणावरून उठायचे.

रविवर्म्याचा छापखाना या सगळ्यापेक्षा मोठा आणि गाजलेला. तो १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला, प्लेगच्या धास्तीच्या दिवसांत लोणावळ्याजवळच्या मळवलीला गेला, आणि कर्जापायी फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या ताब्यात गेला. १९७२ मध्ये तो आगीत सापडला. तिथल्या लक्ष्मी-सरस्वतींवर खूप लिहिलं गेलं आहे. त्या चित्रांच्या लुगड्यांवर टिकल्या आणि जर शिवणाऱ्या बायकांवर फार थोडं. माझ्या आजीच्या माहेरी अशी एक सरस्वती होती. तिच्या काठाचा प्रत्येक टाका आजीच्या आईनं बाळंतपणाच्या खोलीत बसून घातलेला. आता जुन्या वस्तूंच्या दुकानांत अशा तसबिरी दिसतात तेव्हा किमतीच्या चिठ्ठीवर छापखान्याचं नाव असतं आणि टाके घालणारीचं कुठेच नसतं. मला याचं वाईट वाटतं.

शिवाजीमहाराजांच्या चेहऱ्याची कथा आणखी गुंतागुंतीची. एका परदेशी प्रवाशाच्या ग्रंथातलं एक चित्र बराच काळ महाराजांचं म्हणून फिरत होतं. ते इब्राहिमखान नावाच्या सरदाराचं आहे, हे वा. सी. बेंद्रे यांनी दाखवून दिलं, आणि १९३३ मध्ये महाराजांच्या काळातलं, डच संबंधातून आलेलं अस्सल चित्र लोकांपुढे ठेवलं. आम्सटरडॅमच्या संग्रहालयातही गोवळकोंड्याकडे काढलेल्या चित्रांच्या एका संचात महाराज आहेत. पुढे कोल्हापूरच्या जी. कांबळे यांनी रंगवलेला चेहरा सरकारमान्य झाला आणि कचेऱ्या-शाळांतून घरोघर गेला. कांबळे सिनेमाचे बॅनर रंगवणारे कलावंत. लांबवरून आणि गर्दीतून चेहरा कसा ओळखू यावा, हे त्यांना अशा कामातून कळलं असणार, असं मी समजतो.

आमच्या ओटीवरचे घोड्यावरचे महाराज मात्र याच्याही आधीचे. त्यांच्याविषयी आत्याची एकच गोष्ट होती, आणि ती ती दुपारी सांगत नसे.

३० जानेवारी १९४८ नंतरचे ते दिवस. गांधीजींचा खून करणारा ब्राह्मण निघाला आणि सातारा भागात ब्राह्मणांची घरं पेटली. आत्या तेव्हा लग्नाच्या वयाची होती. संध्याकाळी बातमी आली की माणसं येताहेत. आजोबांनी दस्तऐवजांची पेटी उचलली, आजीनं देव पदरात घेतले, आणि सगळे परसातून शेजारच्या मराठ्यांच्या घरात गेले. त्यांच्या थोरल्या काकींनी मुलींना माजघरात नेऊन बसवलं आणि घरातले पुरुष दाराशी उभे राहिले. आत्या सांगायची की भीतीनं तिला खालच्या जमिनीकडे बघवेना, म्हणून तिनं वर पाहिलं, तर भिंतीवर घोड्यावरचे महाराज. आमच्याकडचेच. तोच घोडा, तीच मागची टेकडी, तोच छाप. आपण घरातच आहोत असं क्षणभर तिला वाटलं. आमचं घर त्या रात्री वाचलं. दोन आळ्यांपलीकडची काही वाचली नाहीत. अण्णांचा दगड एकाच दिवसात किती कागद उठवत असेल आणि ते कागद कोणाकोणाच्या भिंतींवर गेले असतील, याचा विचार मी त्या गोष्टीनंतर करायला लागलो.

फोटोनं हे सगळं बदललं असं म्हणतात. मला वाटतं, साक्षीदाराची गरज फोटोलाही सुटली नाही. टोपी घातलेल्या भगतसिंगांचा चेहरा दिल्लीच्या काश्मीरी गेटजवळच्या रामनाथ यांच्या स्टुडिओत, एप्रिल १९२९ मध्ये, असेंब्लीत बॉम्ब टाकण्याआधी काही दिवस टिपलेला. एक साधा स्टुडिओ-फोटो. तो रंगवला गेला, चितारला गेला, कॅलेंडरवर चढला. आमच्या खेडच्या राजगुरूंच्या शेजारी तो महाराष्ट्रातल्या हजारो भिंतींवर आला. १९१० च्या प्रेस कायद्यानंच चित्र आणि फोटो यांना मजकुराच्या पंक्तीत बसवून जप्तीच्या कक्षेत आणलं होतं. म्हणजे भिंतीवरची तसबीर बोलते, हे सरकारलाही ठाऊक होतं.

माझ्या मैत्रिणीची आजी वरळीच्या बीडीडी चाळीत राहायची. तिच्या तोंडून मी दुसऱ्या एका भिंतीचा इतिहास ऐकला आणि तो आमच्या भिंतीच्या गोष्टींत कुठेही नव्हता. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली. दोन महिन्यांच्या आत बाबासाहेब गेले. त्याच थंडीत चाळीतल्या खोल्याखोल्यांतून खंडोबा, लक्ष्मी, साईबाबा चौकटीसकट उतरले. आजीच्या सासऱ्यांनी त्या तसबिरी समुद्रात सोडल्या. खिळे तसेच राहिले. काही दिवस भिंतीवर फिकट चौकोन दिसत, आणि मग त्याच खिळ्यांवर बुद्ध आणि बाबासाहेब आले. आजी सांगायची की मधले ते रिकामे दिवस तिला सगळ्यांत जड गेले. हात सकाळी सवयीनं उदबत्तीकडे जायचा.

एका ६ डिसेंबरला आम्ही तिच्याबरोबर दादरला गेलो होतो. शिवाजी पार्काच्या बाजूनं पुस्तकांची आणि तसबिरींची दुकानं लागलेली. तिची जुनी तसबीर ओलीनं खराब झाली होती, म्हणून नवी घ्यायची होती. दुकानदारानं झगझगीत निळ्या कोटातले, गुळगुळीत गालांचे, मागे सोनेरी तेजोवलय असलेले बाबासाहेब पुढे केले. आजीनं चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. ती वडिलांच्या खांद्यावर बसून परळच्या एका सभेला गेली होती, आणि पुढे मोठेपणीही तिनं त्यांना पाहिलं होतं.

"हे कोण?" तिनं विचारलं. "साहेबांच्या डोळ्यांखाली सूज होती. शेवटी शेवटी काठी लागायची. दमले होते ते, आमच्यासाठी दमले होते. ते पुसलंत कशाला?"

दुकानदार तरुण होता. त्यानं वाद घातला नाही. गठ्ठ्याच्या तळाशी हात घालून एक काळा-पांढरा, साधा कागद काढला. आजीनं तो उन्हात धरला आणि मान हलवली. पैसे देता देता शेजारी उभ्या असलेल्या कॉलेजच्या पोरांनी तिला विचारलं की तुम्ही खरंच पाहिलंय का त्यांना. ती तिथेच दुकानाच्या बाकड्यावर टेकली आणि परळची ती सभा पहिल्यापासून सांगायला लागली.