मिरजेची घोडी आणि गंधाराचे गणित

सोलापूरकरांना 'आंदोलन' या शब्दाचा एकच अर्थ ठाऊक आहे. १९३० च्या मार्शल लॉ नंतर १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा फासावर गेले. ज्या शहराने हे पाहिले, तिथे या शब्दाला दुसरा अर्थ उरणे अवघडच होते. आजही नवी पेठेत कुणाला 'आंदोलन सुरू आहे' असे सांगितले, तर तो आधी दुकानाचे शटर ओढायचे का, एवढेच विचारील. पण हाच शब्द भौतिकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात झोपाळ्यासाठी आणि लंबकासाठी वापरतात, तर गवई दरबारी कानड्यातल्या गंधारासाठी वापरतात. एखादी वस्तू आपल्या जागेवरून हलते, परत येते, पलीकडे जाते, पुन्हा परतते. हे सेकंदाला शेकडो वेळा घडले की आपण त्याला सूर म्हणतो.

या सुराच्या कंपनांवरून शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्याच मुलखात मोठा वाद झाला. संगीताच्या इतिहासात तो पंडितांचा वाद म्हणून सांगितला जातो. मला मात्र त्यात दोन जागा रिकाम्या दिसतात, आणि दोन्ही मिरजेच्या आहेत.

सुरुवात थोडी मागून करू. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाने (राज्यकाळ १५८० ते १६२७) 'किताब-ए-नौरस' हा गीतांचा ग्रंथ दख्खनी भाषेत लिहिला. त्याच्या तंबुऱ्याला नाव होते, 'मोती खाँ'. बादशहा आपल्या हत्तीला नाव ठेवतो हे आपण समजू शकतो, पण तंबुऱ्याला माणसासारखे नाव ठेवणारा राजा विरळाच. हा राजा मराठीत बोलत असे, याची नोंद मोगल वकील असद बेगने केली आहे. दख्खनच्या दरबारात तारेच्या वाद्याची काय किंमत होती, हे समजायला एवढे पुरे.

मिरजेत सतारी-तानपुरे बनवण्याचा धंदा मात्र त्या दरबारातून उतरलेला नाही. तो एकोणिसाव्या शतकातला, साधारण १८५० च्या आसपासचा. करणारे होते शिकलगार, म्हणजे तलवारींना धार लावणारे मुसलमान कारागीर. इंग्रजी अंमलात संस्थानांच्या तलवारी म्यानात गेल्या आणि शिकलगारांचे काम आटले. मिरजेत पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने गवयांची ये-जा होती, त्यांची वाद्ये दुरुस्तीला येत. फरीदसाहेब या शिकलगाराने ती दुरुस्त करता करता स्वतः घडवायला सुरुवात केली. पुढे या घराण्यांचे आडनावच सतारमेकर झाले. पात्याला धार लावताना बोटाला जो केसाएवढा फरक कळावा लागतो, तोच फरक पुढे त्यांच्या कामी आला असावा, असे मला वाटते.

तानपुऱ्याचा भोपळा आमच्या जिल्ह्यातला. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला भीमेच्या काठी हे जाड सालीचे कडू भोपळे पिकवतात, वाळवतात आणि ते मिरजेला जातात. म्हणजे मैफलीत गवयाच्या कानामागे जे घुमते, त्याची पोकळी सोलापूर जिल्ह्याची असते. याचा अभिमान शहरात कुणी बाळगताना दिसत नाही. चादरीपुढे भोपळ्याला कोण विचारतो!

आता त्या वादाकडे. निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तिका प्रसिद्ध केली. प्राचीन ग्रंथांतल्या बावीस श्रुती म्हणजे नेमकी किती कंपने, हे प्रयोगाने ठरवता येईल असा त्यांचा दावा होता. त्यांना ई. क्लेमंट्स हे आय.सी.एस. न्यायाधीश येऊन मिळाले. दोघांनी मिळून श्रुती वाजवणारी हार्मोनियम करवून घेतली. आणि या प्रयोगांत गळा कुणाचा होता? किराण्याहून आलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांचा. त्यांनी गावे आणि इतरांनी मोजावे, अशी कामाची वाटणी होती.

१९१६ साली बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. तिथे ही श्रुती-हार्मोनियम मांडली गेली, पण ती गवयांना मान्य झाली नाही. भातखंडे तर या गणिताच्या विरोधातच होते. इथे इतिहास बहुधा थांबतो : एकीकडे देवल-क्लेमंट्स, दुसरीकडे भातखंडे. ज्याच्या गळ्यावर सगळे बेतले, ते खाँसाहेब या कथेत नमुन्यासारखे येतात. वास्तविक त्यांनी १९१३ साली पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढून मुलामुलींना शिकवायला घेतले होते. वाद्ये दुरुस्त करण्यात त्यांचा हात चांगला होता, तानपुऱ्याची जवारी ते स्वतः काढत. ज्या माणसाला गळा आणि हत्यार दोन्ही कळत होते, त्याला फक्त गाणारा समजणे ही त्या काळातल्या शिकलेल्यांची मोठी चूक होती.

जवारी म्हणजे काय, हे इथे समजून घेतले पाहिजे, कारण सगळी गंमत तिच्यात आहे. व्हायोलिनची तार घोडीच्या धारदार कडेवर टेकते. तानपुऱ्याची घोडी रुंद असते आणि तिच्या माथ्याला अगदी सौम्य उतार असतो. तार छेडली की ती वर-खाली होताना त्या उताराला क्षणभर घासते, सुटते, पुन्हा घासते. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुती दोरा घालतात, त्याला 'जीव' म्हणतात. तो एक केस पुढे-मागे सरकवला की तार बोलू लागते किंवा मुकी होते.

कोलकात्यात चंद्रशेखर वेंकट रामन यांनी हे प्रयोगशाळेत पाहिले आणि १९२१ साली त्यावर निबंध लिहिला. (त्याआधी १९२० साली त्यांनी मृदंग-तबल्याच्या शाईवरही लिहिले होते. नोबेल पुढे, १९३० साली.) ताणलेली तार एकच सूर देत नाही. मूळ कंपनासोबत दुप्पट, तिप्पट, चौपट असे उपस्वर निघतात. पण नियम असा की ज्या बिंदूवर एखादा उपस्वर स्थिर असतो तिथेच तार छेडली, तर तो उपस्वर ऐकू येऊ नये. बरोबर मधोमध छेडली तर दुसरा, चौथा, सहावा निघू नये. युरोपातल्या वाद्यांवर हे खरे ठरत होते. तानपुऱ्याने मात्र नियम मोडला, सगळे उपस्वर ऐकू येत राहिले. कारण ती घोडी. तिच्या उतारावर तारेची लांबी प्रत्येक आंदोलनात बदलते आणि ताकद खालच्या सुरांतून वरच्या सुरांत जात राहते.

आता गणित करू. मधला षड्ज सेकंदाला २४० कंपने मानला, तर पंचम ३६०, तार षड्ज ४८०. गंधाराशी घोटाळा होतो. पंचमावरून पंचम मोजत गेलो, तर गंधार ३०३.७५ येतो. आजच्या हार्मोनियमवर तो साधारण ३०२.४ असतो. आणि तानपुरा? त्याची खर्जाची तार १२० वर असते. तिचा पाचवा उपस्वर ६००, म्हणजे तार सप्तकातला गंधार. त्याला एक सप्तक खाली आणले की बरोबर ३००. तानपुऱ्यावर गंधाराची तार नसताना तो ऐकू येतो, म्हणून गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. पावणेचार कंपनांचा फरक कागदावर किरकोळ दिसतो, पण कानाला तो सेकंदाला जवळपास चार हेलकाव्यांसारखा जाणवतो. १९४० साली आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली, त्यामागच्या तक्रारींत हीही एक होती.

देवल कष्टाळू होते, त्यांच्या प्रयत्नाला मी कमी लेखत नाही. पण गुणोत्तर शोधायला त्यांना लंब्याचौड्या यंत्राची गरज पडली, आणि निदान गंधाराचे उत्तर तर मिरजेचा सतारमेकर रोज कानस घेऊन घोडीवर उतरवत होता. त्याने 'पाचवा उपस्वर' हा शब्द ऐकला नव्हता. गंधार उमटेपर्यंत घासायचे, एवढे त्याला ठाऊक होते. कानाने केलेल्या मोजणीला विद्या म्हणायचे की कसब, हा प्रश्न श्रुतीपुरता नाही. विणकर, लोहार, गवंडी, आपल्या समाजातले किती कारागीर 'कसबी' या खान्यात टाकले गेले!

खाँसाहेब पुढे मिरजेलाच स्थायिक झाले. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी पाँडिचेरीच्या वाटेवर सिंगपेरुमाल कोइल स्टेशनात त्यांनी प्राण सोडला. अखेरच्या घटकेला तानपुरा जुळवायला लावून दरबारीच्या सुरात कलमा म्हटला, असे सांगतात. त्यांची कबर मिरजेत ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात आहे आणि उरुसात तिथे दरवर्षी गवई हजेरी लावतात.

मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. दरम्यान इलेक्ट्रॉनिक तानपुरा येऊन चार दशके उलटली, आता तर तो मोबाइलमध्ये फुकट मिळतो आणि रियाझाला बरा पडतो. खऱ्या तानपुऱ्याच्या घोडीवर मात्र तारांच्या घासण्याने वर्षा-दोन वर्षांत बारीक चरे पडतात, आवाज बसतो, आणि मग घोडी पुन्हा सतारमेकर गल्लीत न्यावी लागते. तिथला कारागीर तार छेडतो, कान देतो, कानशीचे दोन हात मारतो, पुन्हा छेडतो.