डब्याची चूल आणि तीन चिरे

परवा लोहगडवाडीत ओळखीच्यांच्या अंगणात माझी डब्याची चूल पेटवली. तेलाचा जुना पत्र्याचा डबा, खाली काटक्या सरकवायला आणि वारा घ्यायला तोंड, वर चहाचं आधण. मूठभर काटक्यांत चहा झाला, धूरही बेताचाच!

समोर लोहगड. सुरतेच्या १६६४च्या लुटीतला ऐवज इथे ठेवला होता. १६६५ला पुरंदरच्या तहात गड गेला, १६७०ला परत आला. हे मी वर्गात घडाघडा सांगायचो. आणि १९७८च्या सहलीत त्याच गडावर, पिठल्याची चूल मांडायला मीच पोरांना तटाचे ढासळलेले तीन घडीव चिरे आणायला लावले. दोन तापून तडकले. आम्ही हसलो.

जुलै २०२५ मध्ये लोहगड जागतिक वारसा यादीत गेल्याचं वाचलं, तेव्हा मंडळी, आधी ते चिरेच आठवले.