टोर्नेडो : काही मिनिटांचे वादळ, मोठा धोका

'टोर्नेडो म्हणजे चक्रीवादळच ना, सर?' वर्गात मुले आम्हाला हमखास विचारतात. नाही. चक्रीवादळ समुद्रावर तयार होते, शेकडो किलोमीटर पसरते, काही दिवस टिकते. टोर्नेडो म्हणजे गडगडाटी ढगातून जमिनीपर्यंत आलेला गरगर फिरणारा हवेचा खांब. बहुतेक टोर्नेडो काही मिनिटांतच विरतात.

खाली उष्ण, दमट हवा असते आणि वर थंड, कोरडी. उंचीप्रमाणे वाऱ्याचा वेग आणि दिशा बदलली की हवेला आडवा पीळ पडतो. वर चढणारी हवा तो पीळ उभा करते.

जगात सर्वाधिक बळी घेणारा टोर्नेडो आपल्या शेजारी, बांगलादेशात आला. २६ एप्रिल १९८९, रमजानचा महिना. मानिकगंज जिल्ह्यात सुमारे १३०० माणसे दगावली.

जीव जातो तो बहुतेक वेळा उडणाऱ्या पत्र्यांनी, लाकडांनी आणि कोसळणाऱ्या भिंतींनी. म्हणून पत्र्याच्या शेडमध्ये किंवा झाडाखाली थांबू नका. पक्क्या इमारतीत तळमजल्यावर, खिडक्यांपासून लांब, आतल्या खोलीत बसा. डोके झाका. खिडक्या उघडल्याने घर वाचते हा निव्वळ गैरसमज. त्यात वेळ घालवू नका, आधी मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना आत घ्या.