हात धरून शिकवणारा वस्ताद

१४ नोव्हेंबरला आमच्या शाळेत बालदिन असे. नेहरूंच्या तसबिरीला गुलाबाचे फूल लागे, मुलांच्या हातावर एकेक पेढा पडे. त्याच संध्याकाळी आमच्या मांगवाड्यात दुसरी एक तसबीर मांडली जाई. ज्यांना स्वतःची सही करता येत नव्हती ते माझे वडील तिला हार घालीत आणि म्हणत, "पोरा, हा आपला वस्ताद." शाळेत हे नाव मी कधी ऐकले नाही. पुढे एम.ए.ला इतिहास घेतला, तेव्हाही नाही. आज तोच विषय मी महाविद्यालयात शिकवतो. वडिलांच्या त्या एका शब्दाचा अर्थ लावण्याचा हा प्रयत्न आहे.

लहुजी राघोजी साळवे यांचा जन्म १७९४ सालचा, पुरंदरच्या पायथ्याच्या पेठ गावचा. १७ फेब्रुवारी १८८१ रोजी ते पुण्यात वारले. संगमवाडीला त्यांची समाधी आहे. वडील राघोजी ५ नोव्हेंबर १८१७ च्या खडकीच्या लढाईत पेशव्यांच्या बाजूने लढता लढता पडले, असे समाजाची स्मृती सांगते. राज्य बुडाले, लढवय्याच्या मुलापाशी उरली ती विद्या. त्या विद्येच्या बळावर लहुजींनी पुण्यात गंज पेठेत तालीम उभी केली.

अस्पृश्याने पुण्यात तालीम काढणे म्हणजे काय, हे ज्याला समजून घ्यायचे आहे त्याने मुक्ता साळवे या मुलीचा निबंध वाचावा. मुक्ता लहुजींच्याच घराण्यातली मानली जाते. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकलेल्या या चौदाएक वर्षांच्या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 'ज्ञानोदया'च्या १५ फेब्रुवारी व १ मार्च १८५५ च्या अंकांत छापला गेला. पेशवाईत तालीमखान्यासमोरून मांग वा महार गेला, तर त्याचे डोके उडवून गुलटेकडीच्या मैदानात त्याचा चेंडूसारखा खेळ होई, असे ती लिहिते. ज्या जागेसमोरून नुसते चालणे म्हणजे मरण, तसलीच जागा मांगाने स्वतः बांधावी, तिथली माती मळावी आणि तिथे गुरू म्हणून उभे राहावे, ही घटना राज्यक्रांतीहून लहान आहे काय? आमच्या इतिहासकारांना ती नोंदवण्याजोगी वाटली नाही, एवढेच.

या तालमीत कोण आले? जोतीरावांनी 'गुलामगिरी'त (१८७३) स्वतःच सांगून ठेवले आहे, की तरुणपणी इंग्रजी सत्ता उलथून टाकण्याच्या ध्यासाने आपण लहुजी मांगाकडे दांडपट्टा आणि गोळीनिशाण शिकलो. गुरूचे नाव जातीसकट लिहिणारा हा शिष्य! वासुदेव बळवंत फडके यांचेही नाव त्यांच्या शिष्यांत घेतले जाते. फडके १८७९ च्या बंडानंतर एडनच्या तुरुंगात १८८३ मध्ये वारले. तारीख तीच, १७ फेब्रुवारी.

परंतु शिष्यांची यादी वाचून गुरूला मोठा ठरवण्याची रीत मला मान्य नाही. "फुल्यांचे गुरू", "फडक्यांचे गुरू" एवढेच म्हणत राहिलो तर लहुजींना आपणही दुसऱ्याच्या ओळखीवरच उभे करतो. त्यांचे मोठेपण शिकवण्यातच शोधले पाहिजे.

दांडपट्टा ही विलक्षण अवघड विद्या आहे. लोखंडी मुठीत हात कोपरापर्यंत अडकतो. मनगट वळत नाही. सारा वार खांद्यातून आणि कमरेतून काढावा लागतो. चुकला तर लवचिक पाते शिकणाऱ्यालाच कापते. तळहातावर ठेवलेले लिंबू हाताला धक्का न लावता कापायचे, म्हणजे ज्याचा तळहात आहे त्याचाही विश्वास हवा. ही विद्या लांबून सांगून येत नाही. वस्तादाला शिष्याचा खांदा दाबावा लागतो, पाय सरकवावा लागतो, हात हातात घ्यावा लागतो.

इथेच मला लहुजींच्या तालमीचा खरा अर्थ दिसतो. पोथीची विद्या विटाळ सांभाळून शिकवता येत होती. आमच्या कित्येक वडीलधाऱ्यांनी ती शाळेच्या ओट्याखाली बसून, लांबून फेकलेल्या पाटीवर घेतली. तालमीची विद्या स्पर्शावाचून देताच येत नाही. मांगाचा हात माळ्याच्या आणि ब्राह्मणाच्या दंडावर पडला तेव्हा अस्पृश्यतेविरुद्ध व्याख्यान झाले नाही, ठरावही झाला नाही. पण त्या मातीपुरती ती मोडली. द्रोणाने एकलव्याला शिकवलेही नाही आणि अंगठा मात्र मागितला. या वस्तादाने शिकवले, आणि कोणाचा अंगठा मागितला नाही.

याहून मोठी गोष्ट पुढची आहे. १८५२ च्या सुमारास जोतीरावांनी महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा काढली. तेव्हा लहुजी साठीकडे झुकलेले होते. त्यांनी आणि राणबा महारांनी वस्त्यांत फिरून आईबापांना समजावले आणि मुले शाळेत धाडली, असे जोतीरावांच्या चरित्रांत सांगितले आहे. ज्याचे सारे आयुष्य शस्त्रात गेले त्याने आपल्या लेकरांच्या हाती पाटी दिली, आणि तीही आपल्याच शिष्याच्या शाळेतली. शिष्याने शोधलेली वाट आपल्या वाटेहून पुढची आहे हे ओळखून तिकडे आपली माणसे वळवणारा गुरू विरळाच. मुक्ताचा निबंध त्या वाटेचे पहिले पीक आहे.

आज लहुजींचे पुतळे आहेत, मिरवणुका निघतात. मातंग समाजाच्या अभ्यासासाठी २००३ मध्ये शासनाने नेमलेल्या आयोगालाही त्यांचे नाव होते. आम्ही तलवारधारी लहुजी खांद्यावर घेतले, पण पोरांना शाळेत नेऊन सोडणारे लहुजी मागे राहिले. माझी कार्यकर्त्यांना विनंती एवढीच, की यंदाच्या १४ नोव्हेंबरला हार घालण्याआधी मुक्ताचा निबंध वस्तीत मोठ्याने वाचावा आणि वस्तीतली किती मुले शाळेतून गळली ते मोजावे.

मी माझ्या वर्गात 'गुलामगिरी'तला तो उतारा आणि हा निबंध एकापाठोपाठ एक वाचतो. मागच्या बाकावरून दरवर्षी कुणीतरी विचारतेच, "सर, हे परीक्षेला आहे का?" अजून नाही, असे मी सांगतो आणि पुढे वाचू लागतो.