तळाचं वजन

इतिहास म्हणलं की राजे आणि लढाया आठवतात. मी आज एका जहाजाचा इतिहास सांगतो. ते कुठंच गेलं नाही. पाण्यात उतरलं आणि तासाभरात आडवं झालं.

मी सूतगिरणीत रिंग फ्रेमवर आहे. शाळा नववीत सुटली. वाचन सगळं रात्रपाळी संपल्यावरचं. रद्दीतल्या एका पुस्तकात या जहाजाचे फोटो बघितले. एकात ताठ, एकात कललेलं, एकात पार झोपलेलं. ते फोटो डोक्यातनं जाईनात, म्हणून हे लिहितोय.

गाव इटलीतलं. रिवा त्रिगोसो. जेनोवाच्या पूर्वेला, समुद्रकाठचं छोटं गाव, आणि किनाऱ्यावरच जहाजं बांधायचा कारखाना. जहाजाचं नाव प्रिन्चिपेसा योलांदा. राजाच्या थोरल्या मुलीचं नाव. लांबी १४१ मीटर, वजन नऊ हजार टनांवर, खर्च ६० लाख लिरा. दक्षिण अमेरिकेच्या वाटेवर चालवायचं होतं. वरच्या मजल्यांवर श्रीमंतांचे दिवाणखाने, विजेचे दिवे. आणि तिसरा वर्ग पोटासाठी मुलुख सोडणाऱ्यांचा. त्या काळात इटलीतले लाखो गरीब समुद्रापार जात होते.

२२ सप्टेंबर १९०७. रविवार. किनाऱ्यावर गर्दी. रीत अशी की आधी रिकामा सांगाडा पाण्यात सोडायचा, तो नीट तरंगला की मग वरचं बांधकाम, सामान, सजावट. इथं सगळी सजावट आधीच झालेली. फर्निचरसकट जहाज उताराच्या लाकडांवरनं सोडलं. ते सरकत पाण्यात गेलं आणि डावीकडं कललं. ओढबोटी धावल्या, काही चाललं नाही. उघड्या खिडक्यांतनं पाणी शिरलं. वरची माणसं उतरवून घेतली, ती सगळी वाचली. जहाज मात्र कुशीवर पडलं. ते उभं करणं परवडणारं नव्हतं. जागेवरच मोडीत काढलं.

कारण काय? कडब्याची गाडी भरणारा कुणीही सांगेल. वर थर चढवत गेला आणि खाली वजन नसलं, तर पहिल्या उतारालाच गाडी पालथी. जहाजाच्या तळाशी तोल धरायला दगड, वाळू, लोखंड असं जे वजन भरतात त्याला नीरम म्हणतात. भरलेला कोळसाही तेच काम करतो. योलांदाच्या माथ्यावर सगळा थाट होता, आणि तळाला ना कोळसा, ना नीरम.

ही गोष्ट १९०७ साली नवी नव्हती. २४ वर्षं आधी, ३ जुलै १८८३ ला, स्कॉटलंडात ग्लासगोजवळ क्लाइड नदीत डॅफ्ने नावाचं जहाज असंच सोडलं होतं. त्यावर पाहुणे नव्हते. कामगार होते, सुमारे दोनशे. जहाज उतरलं की लगेच आतलं काम उरकायचं म्हणून त्यांना वर ठेवलेलं. जहाज कललं आणि उलटलं. १२४ जण बुडाले. सुतार, फिटर, शिकाऊ पोरं. चौकशीत निघालं की जहाजाला पुरेसा तोलच नव्हता. पुढं तिकडं रीत बदलली. सोडताना जहाजावर लागतील तेवढीच माणसं.

म्हणजे तोलाचा धडा १२४ कामगारांनी जीव देऊन लिहून ठेवला होता. रिवा त्रिगोसोत तो ६० लाख लिरा बुडाल्यावर कळला. कारण पुढच्याच वर्षी, २२ ऑक्टोबर १९०८ ला, याच कारखान्यानं जोडीचं जहाज सोडलं, प्रिन्चिपेसा माफाल्दा. राजाच्या दुसऱ्या मुलीचं नाव. या खेपेला वरचं बरंचसं बांधकाम नंतरसाठी ठेवलं. ती नीट तरंगली. तिनं कैक वर्षं माणसं वाहिली. म्हातारी झाली तरी तिला चालवत राहिले. २५ ऑक्टोबर १९२७ ला ब्राझीलच्या किनाऱ्यालगत तिच्या पंख्याचा दांडा मोडला, तळाला भगदाड पडलं. ३१४ माणसं गेली. वर पोटासाठी निघालेले स्थलांतरितही होते.

आमच्या खात्यात एकदा नवीन फ्रेम बसवली. दुसऱ्या दिवशी उद्घाटन. म्हातारा फिटर म्हणला, "सायब, अजून पाणसळ लागली न्हाई. धक्का खाईल." सायब म्हणला, "आधी नारळ फुटू दे, मग लाव तुझी पाणसळ." नारळ फुटला, फ्रेम चालली, दुपारपर्यंत बेअरिंगातनं धूर निघाला. त्या महिन्यात पगार कुणाचा कापला? फिटरचा.

म्हणून ते फोटो मला परके वाटत नाहीत. हार, झेंडे, रंग हे वर असतं, फोटोत येतं. नीरम फोटोत येत नाही. ते अंधारात, ओलीत, तळाला पडून असतं. त्याला रंग नाही, नाव नाही. त्याच्यावर जहाज उभं असतं.

आपल्याला कायम तळाला ठेवलं, आणि वर, हे खालचे, असं म्हणत राहिले. माझं एवढंच सांगणं आहे. योलांदाचा इतिहास वाचा. तळाचं वजन मोजलं नाही की काय होतं ते त्यात आहे. आणि मोजायचंच असेल तर जहाज सोडायच्या आधी मोजा. माणसं बुडाल्यावर नको.